मोखा ते मोका : विस्तवावरच्या भांड्याची गोष्ट

इटलीतल्या बहुतेक घरांत शेगडीवर एक भांडं दिसतं. आठ पैलूंचं, कमरेत आवळलेलं, वर बिजागरीचं झाकण, एका बाजूला काळी मूठ आणि समोर छोटी चोच. आपल्याकडच्या ‘जर्मल’च्या पातेल्याचा जो रंग, तोच त्याचा. या भांड्याला ‘मोका’ म्हणतात. हे नाव आलं मोखावरून. मोखा, अरबीत अल-मुख़ा, हे येमेनचं लाल समुद्रावरचं बंदर. सतराव्या शतकात सुरतेची जहाजं कापड घेऊन तिथं जात, आणि जगाला मिळणारी कॉफी त्याच बंदरातून बाहेर पडे. बाबा बुडन यांनी हजहून परतताना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या अशी जी कथा सांगतात, त्या बियाही मोखाच्याच.

म्हणजे १९३३ साली उत्तर इटलीतल्या एका कारखान्यात तयार झालेलं भांडं येमेनचं नाव मिरवतं. का?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर अभिमानाचं: कॉफी आमची, भांडं आमचं, त्यांनी फक्त नाव लावलं आणि पैसा केला. दुसरं उत्तर न्यूनगंडाचं: डिझाइन वगैरे युरोपात झालं, पूर्वेकडे नुसती परंपरा होती, बापाने केलं तसं मुलगा करत राहिला. वर्गात मुलं हाच प्रश्न सरळ विचारतात, “सर, हे आपण शोधलं की त्यांनी?” दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, कारण दोन्हींत भांड्याकडे पाहावं लागत नाही.

आपण भांड्याकडे पाहू. विस्तवावर ठेवायच्या कुठल्याही चहा-कॉफीच्या भांड्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. खाली विस्तव कसला आहे? हाताशी धातू कुठला आहे? आणि पिणारे कोण, किती, कुठे बसलेले? यातलं एक जरी बदललं तरी भांड्याचा आकार बदलतो. हे ध्यानात ठेवलं की चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास एका शेगडीवर मांडता येतो.

मातीच्या भांड्यापासून निखाऱ्यापर्यंत

कॉफीच्या प्रारंभाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा जुना ग्रंथ अब्दुल क़ादिर अल-जज़ीरी यांनी १५५८ च्या सुमारास लिहिला. त्यात येमेनच्या सूफींची हकीकत येते. रात्रीच्या ज़िक्रसाठी जागं राहायचं म्हणून ते क़हवा पीत. ती लाल मातीच्या मोठ्या भांड्यात भरलेली असे. प्रमुख माणूस छोट्या पात्राने ती काढून उजव्या बाजूने एकेकाला देत जाई. इथं पिणारे अनेक आहेत, एकत्र बसलेले आहेत आणि कुणालाही घाई नाही. त्यासाठी माती पुरेशी होती. मातीचं भांडं हळू तापतं आणि हळू निवतं, रात्रभर चालणाऱ्या मैफलीला ते सोयीचंच.

पुढे क़हवा ख़ानक़ाहबाहेर पडली. १५११ मध्ये मक्केत ख़ैर बेग या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, ती क़ाहिराहून पूर्णपणे उचलून धरली गेली नाही. १५५५ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाले. हलब आणि दमिश्क़हून आलेल्या दोन माणसांनी ते सुरू केल्याची नोंद उस्मानी इतिहासकार पेचेवी करतो. आता गिऱ्हाईक एकेकटं येऊ लागलं. त्याला आत्ता, ताजी आणि एकच प्याला हवी. मातीचं मोठं भांडं इथं उपयोगाचं नाही. इथं लागतं छोटं, पटकन तापणारं, पटकन रिकामं होणारं भांडं, म्हणजे तांब्या-पितळेचं.

त्या भांड्याला तुर्कीत ‘जेझवे’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘जज़्वा’वरून आला, आणि जज़्वा म्हणजे निखारा, जळतं लाकूड. कुरआनात हज़रत मूसा दूरवर दिसलेल्या आगीतून आपल्या माणसांना शेकायला निखारा आणायला निघतात, तिथं हाच शब्द आहे. भांड्याला विस्तवाचंच नाव मिळावं, यातच त्याच्या आकाराची किल्ली आहे.

जेझवे ज्वाळेवर ठेवायची नसतेच. ती निखाऱ्याच्या कडेला, गरम राखेत किंवा तापलेल्या वाळूत रोवायची असते. म्हणून तिचा तळ रुंद, राखेत नीट बसणारा आणि जास्तीत जास्त उष्णता घेणारा. तळातून वर येताना अंग निमुळतं होत जातं. याचं कारण फेस. पिठासारखी बारीक दळलेली कॉफी पाण्यात हळू तापली की वर फेसाचा थर धरते. गळा अरुंद असेल तर तो थर जाड होतो, टिकतो आणि झाकणाचं काम करतो. सुगंध आत कोंडून राहतो. ओतताना त्याच अरुंद गळ्यामुळे बराचसा गाळ मागं अडतो. मूठ लांब आणि वरच्या दिशेला तिरकी, कारण निखाऱ्यावरची धग सरळ वर येते आणि हात तिच्या रेषेबाहेर राहायला हवा. आकार लहान, एक-दोन प्याल्यांपुरता, कारण एकदा फेस मोडला की कॉफी पुन्हा तापवून चालत नाही.

या भांड्यात शोभेसाठी म्हणून केलेली रेष जवळजवळ नाही. नक्षी आहे, पण ती पृष्ठभागावर. आकार सगळा कामाचा. १६३३ साली इस्तंबूलमध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर सुलतान मुराद चौथा याने कॉफीखाने बंद पाडले. पण कॉफीखान्याला टाळं लावता येतं, जेझवेला कसं लावणार? ती घरातल्या कुठल्याही चुलीच्या राखेत मावते. बंदी गेली, भांडं राहिलं.

दल्ला : पाहुण्याचं भांडं

अरबस्तानच्या वाळवंटात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. तंबूत पाहुणा येणार, कधी येईल सांगता येत नाही, किती येतील तेही नाही. एकेक प्याला करून भागणार नाही. तिथं ‘दल्ला’ घडला. तळाला फुगीर, मधे कंबर, वर उंच टोक असलेलं झाकण आणि पक्ष्याच्या चोचीसारखी लांब वाकडी तोटी.

बदूंच्या रीतीत एकाच चुलीवर दोन-तीन दल्ले असत. मोठ्यात कॉफी उकळायची, मधल्यात वेलदोडा घालून मुरवायची, लहानातून वाढायची. उंच टोक कशासाठी? झाकण तापलेलं असलं तरी बोटाला धरण्याजोगं काहीतरी थंड उरावं म्हणून. लांब चोच कशासाठी? फिंजान नावाचा प्याला लहान, बिनकानाचा. त्यात एकाच वेळी दोन-तीन घोटच वाढायचे असतात. धार बारीक आणि ताब्यात असली पाहिजे. गाळ अडवायला तोटीच्या तोंडाशी खजुराच्या झाडाचे तंतू कोंबत. गाळणी झाडाची, भांडं पितळेचं.

आज हा दल्ला संयुक्त अरब अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर आहे. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी तो रोज हाताळला असेल, चित्राकडे लक्ष न देता.

विस्तव बाहेर की आत?

चहाच्या भांड्यांनी याच प्रश्नांची आणखी वेगळी उत्तरं दिली. तुर्कस्तानात एकावर एक दोन किटल्या ठेवतात. खालच्या किटलीत पाणी उकळतं, वरच्या छोट्या किटलीत चहाची पत्ती खालच्या वाफेवर मुरते. वरच्या किटलीला ज्वाळ लागतच नाही, त्यामुळे चहा करपत नाही की कडू होत नाही. पिताना वरचा दाट चहा आणि खालचं गरम पाणी ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे मिसळायचं. या जोडगोळीचं तुर्की नाव ‘चायदानलिक’. उर्दू शिकवताना हा शब्द फार कामाला येतो. कलमदान, पानदान, चायदानी यांतला ‘दान’ हा फ़ारसी प्रत्यय म्हणजे ‘ठेवण्याची जागा’. तुर्कांनी त्याच्यापुढे त्याच अर्थाचा स्वतःचा ‘लिक’ जोडला. दोन भांडी एकावर एक, तसे दोन प्रत्ययही एकावर एक.

रशियात विस्तव बाहेर ठेवण्याऐवजी भांड्याच्या पोटातच घातला गेला. समोवारच्या मधोमध एक उभी नळी असते, तिच्यात कोळसा, भोवती पाणी. तूला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये समोवारचा कारखाना नोंदवला. हे वाचताना मराठी माणसाला दुसरंच भांडं आठवेल, आपला तांब्याचा बंब. तीच मधली नळी, तोच आतला विस्तव, तेच भोवतीचं पाणी. बंबात अंघोळीचं पाणी तापतं आणि समोवारात चहाचं, एवढाच फरक. पुण्याच्या तांबट आळीत बंब ठोकणाऱ्या कारागिराला तूलाच्या कारागिराची काही भानगड पटकन समजली असती, भाषा न येता.

कल्हईचा हिशेब

इथपर्यंतच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत एक गोष्ट समान आहे. ती आतून उघडी नाहीत, त्यांना कल्हई आहे.

तांबं हा उष्णतेच्या दृष्टीने राजा धातू. स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस पटींहून अधिक सहजतेने उष्णता त्यातून वाहते. पण कॉफी आंबट असते आणि आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक आजीला ठाऊक होतं. त्यावरचा उपाय म्हणजे कथलाचा पातळ थर. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यावर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, म्हणजे धातूवरचा मळ सुटतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचं. काळवंडलेलं भांडं क्षणात चांदीसारखं होतं. माझ्या पिढीने हे गल्लीत बसून पाहिलेलं आहे. मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात फिरणाऱ्या कल्हईवाल्यांत बरेच मुसलमान असत, आणि ज्यांच्या स्वयंपाकघरात त्यांना एरवी प्रवेश नव्हता, त्यांच्या भांड्यांचा आतला थर त्यांनीच दिलेला असे.

या कल्हईने भांड्याच्या रचनेवरही एक बंधन घातलं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी असेपर्यंत आतला थर १०० अंशांच्या आसपास राहतो आणि सुरक्षित असतो. पाणी आटलं की थर वितळून तळाशी गोळा होतो. म्हणजे निखाऱ्याची मंद धग, रुंद तळ आणि सतत ओलं पोट ही सगळी एका साखळीतली कडी होती. आणि थर झिजतो, म्हणून भांडं एकदा विकत घेऊन संपत नाही. ते पुन्हा पुन्हा कारागिराकडे जातं. भांडं, घर आणि कारागीर यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. जो हे भांडं घडवतो त्याला ते दहा वर्षांनी कसं दिसतं हे ठाऊक असतं, कारण ते दुरुस्तीला त्याच्याच किंवा त्याच्या भाऊबंदाच्या पुढ्यात येतं. आकार सुधारत जातो तो असा. याला ‘नुसती परंपरा’ म्हणणाऱ्याने चाचणी आणि सुधारणा यांचा दुसरा कुठला अर्थ लावला आहे, ते सांगावं.

शब्दांचा दुतर्फा प्रवास

आता अभिमानाच्या उत्तराकडे वळू. शब्द तपासले की तेही टिकत नाही.

‘इब्रीक़’ हा अरबी शब्द तोटीच्या सुरईसाठी वापरतात; सूरह वाक़िआमध्ये त्याचं अनेकवचन ‘अबारीक़’ आलं आहे. पण हा शब्द अरबीत आला फ़ारसीतून, ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रेख़्तन’ म्हणजे ओतणे. अरबीतून तो तुर्कीत गेला, तुर्कीतून ग्रीकमध्ये. ग्रीक माणूस आज कॉफीच्या भांड्याला ‘ब्रिकी’ म्हणतो. इथपर्यंत शब्द पूर्वेकडून पश्चिमेला चालला.

आता दुसरा शब्द पाहा. लॅटिनमध्ये ‘कुकुमा’ म्हणजे पाणी तापवायचं भांडं. तो ग्रीकमधून अरबीत शिरला आणि ‘क़ुमक़ुम’ झाला, तुर्कीत तांब्याच्या घड्याला ‘ग्युग्युम’ म्हणू लागले. उर्दूत तो ‘क़ुमक़ुमा’ झाला. पूर्वी गोल भांडं, आता विजेचा दिवा. लग्नघरावर ‘बर्क़ी क़ुमक़ुमे’ लागले असं उर्दू वर्तमानपत्र लिहितं तेव्हा रोमन स्वयंपाकघरातली किटली त्या वाक्यात लटकलेली असते. आणि हाच कुकुमा इटलीतल्या नेपल्स शहरात ‘कुक्कुमा’ आणि ‘कुक्कुमेल्ला’ म्हणून राहिला. हे तिथल्या कॉफीच्या भांड्याचं नाव.

शब्द असे दोन्ही दिशांनी जात-येत असताना भांड्यावर एकाच कुणाची मालकी कशी सांगणार?

उकळू नका : पॅरिसचा आक्षेप

खरा बदल झाला तो एका साध्या आक्षेपातून. कॉफी उकळल्याने सुगंध उडून जातो, हा आक्षेप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात जोराने मांडला गेला. उष्णतेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या काउंट रमफर्डने १८१२ मध्ये कॉफीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, पाणी गरम हवं पण कॉफी उकळता कामा नये. पाण्याने कॉफीच्या थरातून खाली झिरपावं. त्याने भांड्याभोवती गरम पाण्याचं आवरण असलेली रचनाही सुचवली, म्हणजे गाळताना कॉफी निवणार नाही.

जेझवेत पाणी आणि कॉफी एकत्र नांदतात. नव्या कल्पनेत ती दोन वेगळी झाली: पाणी एका खणात, कॉफी दुसऱ्या, तयार पेय तिसऱ्या. आता प्रश्न असा की पाणी एका खणातून दुसऱ्यात न्यायचं कसं? पॅरिसच्या लोराँस नावाच्या पत्रेकारागिराने १८१९ मध्ये वाफेच्या जोराने पाणी नळीतून वर चढवून कॉफीवर पाडणारं भांडं केलं. नेपल्सच्या कुक्कुमेल्लात युक्ती आणखी सोपी होती. खाली पाणी, मधे कॉफीची गाळणी, वर पालथं ठेवलेलं तोटीचं भांडं. पाणी उकळलं की विस्तवावरून उतरवून अख्खं भांडं उलटं करायचं. गुरुत्वाकर्षण उरलेलं काम करतं. पण त्याला वेळ लागतो, पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि उकळतं भांडं हातात उलटं करण्याचं धाडसही लागतं.

१९३३

आता आपण पुन्हा त्या आठ पैलूंच्या भांड्याशी आलो. अल्फोन्सो बियालेत्ती यांचा जन्म १८८८ चा. उमेदीची काही वर्षं त्यांनी फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या कामात काढली आणि पहिल्या महायुद्धानंतर परत येऊन ओमेन्याजवळच्या क्रुसिनाल्लोत कारखाना टाकला. धातूच्या कायमच्या साच्यात ॲल्युमिनियम ओतण्याची पद्धत त्यांनी फ्रान्समध्ये शिकलेली होती.

ॲल्युमिनियम तोवर स्वस्त झालं होतं. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ते वेगळं काढण्याची रीत सापडली, त्याआधी तो जवळजवळ दागिन्याचा धातू होता. म्हणजे मोका सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये का झाला नाही, या प्रश्नाचं उत्तर बुद्धीत नाही, धातूत आहे. बियालेत्तींना जो धातू मिळाला तो इस्तंबूलच्या कारागिराला मिळालेलाच नव्हता.

मोकाची रचना अशी. खालच्या खणात पाणी. त्यात नाळक्यासारखी नळी असलेली गाळणी बसवायची, गाळणीत कॉफी. वर दुसरा खण पिळून घट्ट बसवायचा. मधे रबराची चकती, म्हणजे वाफ बाहेर निसटत नाही. शेगडीवर ठेवलं की खालची कोंडलेली हवा फुगते, वाफेचा दाब वाढतो आणि पाणी नळीतून वर, कॉफीमधून, वरच्या खणात ढकललं जातं. पाणी पुरतं उकळण्याआधीच वर चढू लागतं. उलटं करणं नाही, वाट पाहणं नाही. दाब वातावरणाच्या दीड पटीच्या आसपास. बारमधल्या मोठ्या एस्प्रेसो यंत्राचा नऊ पट. म्हणून ही एस्प्रेसो नव्हे, पण कुक्कुमेल्लाच्या कॉफीपेक्षा दाट.

कोंडलेली वाफ म्हटली की भीती आलीच. त्यासाठी खालच्या खणाच्या बाजूला एक छोटी झडप आहे. गाळणी तुंबली तर दाब तिथून सुटतो. पाणी नेहमी झडपेच्या खाली ठेवायचं, हा मोका वापरण्याचा पहिला नियम. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि आठ पैलू? दोन खण हाताने पिळून बसवायचे तर गोल, गुळगुळीत अंगावर ओला हात घसरतो. कोन असले की पकड येते. मूठ पुढे बेकेलाइटची झाली, कारण ते तापत नाही आणि शेगडीशेजारी वितळतही नाही. तळ सपाट, कारण आता खाली राख नव्हती. लोखंडी चुलीचा सपाट पत्रा किंवा गॅसची शेगडी होती. विस्तव बदलला, धातू बदलला, पिणारे बदलले. ही बारमध्ये उभं राहून पिणाऱ्यांची कॉफी आता घरात, तिघा-चौघांसाठी होऊ लागली. तिन्ही उत्तरं बदलली, म्हणून भांडंही नवं झालं. हे नवेपण खरं आहे आणि ते बियालेत्तींचं आहे. जेझवेच्या प्रेमापोटी ते नाकारण्याची गरज नाही.

पण इतिहासाची एक दुसरी बाजूही याच भांड्याला चिकटलेली आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला, विषारी वायू वापरला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले. त्यावर स्वयंपूर्णतेचा नारा निघाला. लोखंड आणि कोळसा बाहेरून आणावा लागे, बॉक्साइट मात्र देशात होतं, म्हणून ॲल्युमिनियमला राष्ट्रीय धातू म्हणून गौरवलं गेलं. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरांतलं. येमेनच्या बंदराचं नाव, इथिओपियाचं झाड आणि इथिओपियावर बॉम्ब टाकणाऱ्या राजवटीचा लाडका धातू, हे सगळं त्या एका छोट्या भांड्यात एकत्र आलं. भांडं निष्पाप असतं, काळ नसतो.

१९३४ ते १९४० या काळात बियालेत्तींची सुमारे ७० हजार भांडी विकली गेली, तीही बहुतेक आसपासच्या बाजारांत. महायुद्धानंतर मुलगा रेनातो याने कारखाना हाती घेतला, आणि फक्त मोका, फक्त जाहिरात, असं धोरण ठेवलं. १९५३ मध्ये मिशीवाल्या माणसाचं चित्र त्याच्या अंगावर आलं आणि मोका कोट्यवधींच्या संख्येने घराघरांत गेला. २०१६ मध्ये रेनातो यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांची रक्षा मोकाच्याच आकाराच्या मोठ्या कलशात ठेवून दफन करण्यात आली.

नाव कुणाचं राहतं

हा कलश माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका माणसाची रक्षाही त्याच्या भांड्यात. आणि जेझवेचा गळा किती अरुंद असावा हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं, त्याचं नावसुद्धा शिल्लक नाही. काही जुन्या दल्लांवर कारागिराचा शिक्का आढळतो, पण शिक्का संग्रहालयाच्या काचेत राहतो, पाठ्यपुस्तकात येत नाही. फरक बुद्धीचा नाही. एकीकडे कारखाना, नोंदवलेलं चिन्ह आणि जाहिरात होती, दुसरीकडे फक्त भांडं होतं.

हे इटलीतही काहींच्या ध्यानात आलं. बियालेत्तींच्या मुलीकडच्या नातवाच्या घराण्याची, अलेस्सी यांची, भांड्यांची कंपनी त्याच भागात आहे. १९७९ मध्ये जर्मन डिझायनर रिचर्ड सॅपर याने त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलचं कॉफीचं भांडं केलं. पिळण्याऐवजी एका खटक्याने उघडणारं, रुंद तळाचं, म्हणजे धग तळालाच लागावी. पण त्याच सुमारास रिकार्दो दालिसी या नेपल्सच्या वास्तुकाराने वेगळी वाट धरली. जुन्या कुक्कुमेल्लाचा अभ्यास करताना तो शहरातल्या रुआ कातालाना गल्लीत पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसला आणि त्यांच्यासोबत एकामागून एक नमुने ठोकत राहिला. या संशोधनाला १९८१ मध्ये इटलीचा मोठा डिझाइन पुरस्कार मिळाला. अशिक्षित मानल्या गेलेल्या गल्लीत ज्ञान आहे, हे कुणीतरी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

आपण आपल्या गल्लीत जाऊन बसलो का? मद्रासच्या कलाशाळेत १८९८ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटरटन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करून पाहिली, तिथून जर्मलचं पातेलं देशभर पसरलं, मागून स्टील आलं. कल्हईवाला हळूहळू दिसेनासा झाला. तो जाणं अटळ असेल. धातू बदलला की कारागीर बदलतो, हेच तर आपण वर पाहिलं. पण कुठल्या पाण्याला कुठला धातू चालतो, धग किती असावी, थर किती दिवस टिकतो हे त्याच्या बोटांत साठलेलं ज्ञान लिहून घ्यावं, असं फार थोड्यांना वाटलं. आपल्या समाजातल्या शिकलेल्या मुलांनी तर त्या धंद्याचं नाव घेणंही टाळलं. ‘आमच्या पूर्वजांनी कॉफी दिली’ हे सांगताना छाती फुगते, आणि ‘आमचे आजोबा कल्हई करत’ हे सांगताना मान खाली जाते. दोन्ही एकाच तोंडाने कसं बोलायचं?

सध्या विस्तव पुन्हा बदलतो आहे. इंडक्शनच्या शेगडीवर तांबं तापत नाही आणि ॲल्युमिनियमही तापत नाही; तिला चुंबकाला चिकटणारा तळ लागतो. जेझवे आणि मोका दोघांनाही तिच्यावर जागा नाही, त्यामुळे दोघांच्या पोलादी तळाच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. म्हणजे तेच तीन प्रश्न पुन्हा पुढ्यात आहेत.

वर्गात “आपण की त्यांनी” असं कुणी विचारलं तर मी फळ्यावर तीन भांडी काढतो, जेझवे, दल्ला आणि मोका, आणि विचारतो, “याची मूठ इथंच का?” मुलं आधी गोंधळतात, मग एखादी मुलगी उठते आणि म्हणते, “सर, धग वर येते ना, म्हणून.” बस्स, त्या क्षणी ती त्या बिननावाच्या कारागिराच्या शेजारी जाऊन बसलेली असते.